उतारा

तीस वर्षं मी हिंदी शिकवली, संकेश्वरच्या शाळेत.
घरी मराठी, बाजारात कन्नड,
आणि हातात खडू असेपर्यंत हिंदी,
जी इथं कुणाच्याच आईची नव्हती,
म्हणून तिच्यावरून कधी दगड पडले नाहीत.

ठौर कवी मला अभ्यासक्रमात भेटला नाही.
भेटला निपाणीत, तंबाखूच्या वखारीतल्या रद्दीत.
वही हिशोबाची. उलट्या बाजूनं उघडली तर
चार कवित्तं, दीड सवैया आणि एक अर्ज:
मी बेतवेकाठचा. फौजेबरोबर दक्षिणेत आलो.
माझा ठाकूर तटाखाली पडला,
घोडं घटप्रभेच्या चिखलात गेलं.
परतायला वाट नाही. देसाईसाहेबांनी ज्वारी द्यावी.

देसायानं दिली. वर्षाला चार मण.
बदल्यात यानं त्याला हत्तींचा धनी म्हटलं;
पागेत दोन तट्टं होती.
ब्रजातलं अक्षर त्याला कळत नसणार.
तरी डोळे मिटून मान डोलावत असेल,
असं मी धरून चालतो.
तसला श्रोता मला ठाऊक आहे,
दरवर्षी चाळीस असायचे, बाकांवर.

ठौर म्हणजे ठिकाण. टेकायला जागा.
हे नाव त्यानं घर सोडण्याआधी घेतलं की नंतर,
ते वहीत नाही. मधली पानं कसरीनं नेली.

या मार्चात मी बैसांकडं मिरची आणायला गेलो.
परदेशी म्हणतात त्यांना अजून,
हिंदीतलं त्यांच्याकडं आता आडनाव तेवढं उरलंय.
धनकुवरबाई नाकाला पदर लावून देठं खुडत होत्या.
तेवढ्यात कल्लाप्पाचं पोर बोंबलत आलं:
पोत्याखाली विंचू, पायाच्या अंगठ्याला.
बाईंनी घोट्यावर सुतळी आवळली
आणि सुरू केलं, श्वास न घेता:

ठेवर नपाय ठेवर कई, नद्दी पार परदेस,
बिच्चू सोबिराडशे, चडे पावती केस.

एकवीस वेळा.
"काय म्हणताय हे?"
"मंतर हाय की ओ मास्तर. अर्थ नस्तोय मंतराला.
सासूनं दिलेला. तिला तिच्या सासूनं.
शेवटाला पावती, केस... कोर्टातलं कायतरी असंल बगा."

मी पोत्यावर बसलो. मिरचीचा ठसका लागला,
डोळ्यांना पाणी आलं, बरं झालं, कारण सांगायला नको.
बोटं आपोआप मोजत होती,
तेरा मात्रा, अकरा, तेरा, अकरा:

ठौर न पाई ठौर कवि, नदी पार परदेस।
बीछू सो बिरहा डसै, चढ़ै पाँव तें केस॥

वहीत नव्हता हा दोहा. कसरीच्या पोटातला असेल.
ठौरला ठौर मिळाला नाही, नदीपल्याड परदेस,
विरह विंचवासारखा डसतो,
पायापासून चढतो केसांपर्यंत.
चढताना लिहिलेलं हे,
आणि या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या
त्यानं विष उतरवत आल्या.

खिशात लाल पेन होतं.
चुकीचं ऐकलं की हात तिकडं जातो, अजून जातो.
बाई, सोबिराडशे नाही, सो बिरहा डसै,
एवढं जिभेवर आलं.
पोरगं मुसमुसत म्हणालं, "होय्तु, अज्जी," गेलं म्हणे.
अंगठा तसाच सुजलेला. मी म्हटलं, दवाखान्यात न्या.
बाकी काही बोललो नाही.

घरी येऊन वहीच्या कोऱ्या पानावर
दोहा उतरवला. आधी बाईंचा, मग त्याचा.
खाली ठिकाण लिहायची माझी सवय.
संकेश्वर लिहिलं, स्वल्पविराम दिला,
पुढं तालुका, जिल्हा, राज्य...
तिथं पेन जरा थांबलं.
आमच्याकडं ते नेहमीच थांबतं.
मिरच्या मात्र छान निघाल्या यंदा,
रंगानं गडद, तिखटाला सोसण्याजोग्या.